पूजेची मोटार

सोलापूर, ६ मार्च २०२५

शिवानंद,

आधी 'चि.' लिहिलं होतं, ते खोडलं. आशीर्वादही लिहीत नाही, हातच उठत नाही माझा. फोन करत नाही कारण फोनवर माझा आवाज चढतो आणि पलीकडच्या खोलीत अव्वा बसलेली असते. शिवाय फोनवर तू 'अक्का, ऐकून तर घे' म्हणतोस आणि मग तूच बोलत बसतोस. आज मला बोलायचं आहे.

काल होम मैदानावर बचत गटांचं प्रदर्शन होतं. आपला स्टॉल नव्हता, मी नुसती बघायला गेले. एका मंडपात बायकांची ही गर्दी! आत आपण बनवतो तसलीच शेंगाची चटणी कुटायची मशीन, अंगाला गुलाबी रंग, वर पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचं नाव. मला हसू आलं. म्हटलं, चला, आणखी एक आला या धंद्यात, मोटार मिळेना म्हणून बसेल चार दिवसांत घरी. मग मी वाकून मशीनच्या पोटाखाली बघितलं.

शिवू, ती माझी मोटार होती.

तू म्हणशील, मोटार काय, सगळ्या सारख्याच. बी.कॉम. झालेल्या माणसाला दिसत असतील सारख्या. मला माझी मोटार अंधारात हाताला लागली तरी कळेल. बाजारात एक हॉर्सपॉवरची मोटार मिळते ती हातभर लांब. ती बसवली की मशीन कमरेएवढी उंच होते आणि बाईला दिवसभर उभं राहावं लागतं. अप्पांची अट एकच होती, बाईनं पाटावर बसून कुटलं पाहिजे. मिक्सरमध्ये शेंगाचं नुसतं पीठ होतं, कुटलं तरच तेल सुटतं, म्हणून मुसळ हवंच. आणि ते मुसळ उचलायला ताकदीची पण बुटकी मोटार हवी.

ती बुटकी मोटार शोधायला मी कुठं कुठं हिंडले ते तुला सुट्टीत आलास की सांगायची मी. पुण्याच्या दुकानदारानं कॅटलॉग पुढं सरकवला आणि म्हणाला, 'मॅडम, त्यापेक्षा साहेबांनाच पाठवा ना.' गुजरातच्या कारखान्यातला माणूस म्हणाला, ट्रक भरून घेणार असाल तर बोलू. शेवटी कोईमतूरचा तो म्हातारा मालक भेटला. मी कानडीत बोलायची, तो तमिळमध्ये, आणि तेवढ्यावर आमचं भागलं. माझ्या हातच्या ड्रॉइंगवरून त्यानं पहिला पीस बनवला. पंख्याचं झाकण चपटं, दांडा आखूड, बोल्टसाठी बुडाला चार कान, तेही सरळ नाहीत, जरा तिरके. तिरके का, तर आपल्या स्टँडचा एक पाय मधे येत होता म्हणून. त्या गुलाबी मशीनच्या स्टँडचा पाय मधे येतच नाही, तरी त्या मोटारीचे कान तिरके!

आता मला दसऱ्याचं कोडं सुटलं. खंडेनवमीला आपण वर्कशॉपमधली सगळी हत्यारं मांडतो, मधे पाटावर तो पहिला पीस ठेवतो, विभूतीचे पट्टे ओढतो आणि कुलूप लावतो. दसरा होईपर्यंत हत्याराला कुणी हात लावायचा नाही, ही अप्पांच्या वेळेपासूनची रीत. दसऱ्यानंतर मी कुलूप काढलं तर मोटार पाटावरच होती, पण पट्टे भिंतीकडे. मी स्वतः दाराकडच्या अंगाला ओढले होते. मला वाटलं, उंदरानं काहीतरी केलं असेल. मोटार फिरवणारा उंदीर! काय म्हणावं माझ्या अकलेला! आणि तू त्या दिवशी घरात बसून 'अक्का, भजी कर की' म्हणत होतास. मी केली पण. दिवाळीनंतर पुण्याला नोकरी लागली म्हणून निघालास, तेव्हा डबाभर चटणीही बांधून दिली.

कुलूप तुटलेलं नव्हतं. म्हणजे तू डुप्लिकेट किल्ली केलीस, मोटार नेऊन मापं घेतलीस आणि परत ठेवताना उलटी ठेवलीस. बाहेरच्या कुणी हे केलं असतं तर मी सरळ पोलिसात गेले असते. तू केलंस म्हणून पत्र लिहीत बसलेय. आपल्या वर्कशॉपची विक्री तूच बघत होतास, मोटार हवी होती तर माझ्याकडे मागायची होतीस. चोरून का नेलीस, एवढं सांग.

महादेवी


सोलापूर, २४ मार्च २०२५

शिवानंद,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चिठ्ठीच. 'किल्ली मी बनवली नाही. अव्वानं दिली. तिला विचार.' झालं तुझं उत्तर.

मी तिला विचारणार नव्हते. वाटलं, सुटायला म्हातारीला पुढं करतोय. पण मनातून जाईना. जेवायला बसलो तेव्हा विचारलं, 'अव्वा, खंडेनवमीला शिवूला किल्ली तू दिलीस?'

ती भाकरी मोडत होती. हात थांबला नाही तिचा. म्हणाली, 'व्हय, दिली की.'

'कशाला?'

'मागितली, दिली. त्याच्या बापाचं हाय.'

'आणि माझ्या बापाचं न्हाय?'

'तुजं कसं म्हणायचं गं, म्हादेवी? तुजं लगीन करून दिलतं आमी. परत आलीस, ते तुजं नशीब. लेकरू न्हाय, बाळ न्हाय. तुज्या मागं कुणाला जाणार हाय हे सगळं? पोराच्या नावावर काय तरी नको का?' आणि वर म्हणते कशी, 'आमटी वाढ जरा.'

मी वाढली आमटी.

अप्पा अंथरुणाला खिळले तेव्हा वर्कशॉप कुणी उघडं ठेवलं, विचार तिला. पॉलिटेक्निकचं सर्टिफिकेट घेऊन मी नवऱ्याच्या घरातून परत आले तेव्हा गल्लीतल्या बायका म्हणायच्या, आता ही काय करणार. अव्वाच त्यांना ऐकवायची, 'माजी लेक मोटारी बनवणार हाय.' मला किती अभिमान वाटायचा त्या वाक्याचा! ते ती बायकांची तोंडं बंद करायला म्हणत होती, हे मला आत्ता कळतंय.

ताटं उचलली, घासली, आणि वर्कशॉपला गेले. लेथ चालू केला आणि त्याच्याजवळ उभी राहून रडले, कारण त्या घरघरीत कुणाला ऐकू जात नाही. आपला कारागीर संगप्पा वाइंडिंगच्या टेबलाशी मोटारीत तारेचे वेढे भरत होता. त्यानं बघितलं, आणि चहा आणायचं निमित्त काढून बाहेर गेला. लई शहाणा माणूस.

शिवू, एक गोष्ट मला समजत नाही. तू इतकं खोटं बोललास. नोकरी लागली म्हणालास, सेल्सची म्हणालास, मशीनचा म सुद्धा काढला नाहीस. मग हे एवढं एकच खरं कशाला सांगितलंस? 'हो अक्का, मीच केली डुप्लिकेट' असं लिहिलं असतंस तर काय बिघडलं असतं? भाऊ गेला म्हणून बसले असते रडत, आई तरी राहिली असती मला. तेवढंही तुझ्याच्यानं झालं नाही.

अव्वाची काळजी करू नकोस. गोळ्या वेळेवर देते, दर सोमवारी सिद्धेश्वराच्या देवळात रिक्षानं नेऊन आणते. तिनं काय केलं हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आमचं काम जोरात आहे, उन्हाळा आहे ना. तुझ्या त्या गुलाबी मशीननं माझं काही अडत नाही.

महादेवी


सोलापूर, १७ एप्रिल २०२५

शिवानंद,

तुझे फोन येतात ते मी बघते आणि उचलत नाही. कुरिअर मिळालं, पेढ्यांसकट. पेढे संगप्पाला दिले. पत्र वाचलं.

मोटारी जळतायत म्हणे! पुण्यात टेस्टिंगला मस्त चालतात आणि गावात गेल्या की तापून धूर सोडतात. आणि तू मला विचारतोस, 'अक्का, वाइंडिंगमध्ये तू नंतर काय बदललंस?' खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. पत्र वाचून मी टेबलावर हात आपटला आणि हसले. बरी अद्दल घडली, असंच वाटलं, आणि अजून वाटतंय.

तुझी चूक कुठं झाली सांगू? हे तुला कुणीही सांगितलं असतं, नुसतं विचारायला हवं होतंस. तुला वाटलं, जी मोटार पूजेला बसते तीच सगळ्यात चांगली. पाटावर मांडली, विभूती लावली, म्हणजे हाच आपला मुख्य पीस. तीच खोललीस, तिचीच मापं घेतलीस, तिच्याच तारा मोजल्यास, आणि गुजरातला दिलीस बनवायला. अरे शहाण्या, ती मोटार जळालेली होती! आपली सगळ्यात पहिली, आणि सगळ्यात वाईट.

होटगीला पहिल्याच गिऱ्हाइकाच्या घरी ती जळाली. भर दुपारी, चटणी उखळात अर्धी कुटलेली, आणि घरभर धूर. अप्पा आणि मी गेलो, त्या बाईची माफी मागितली, मशीन परत आणली. अप्पांनी तिच्या तारा पुन्हा जशाच्या तशा भरून घेतल्या, काही सुधारलं नाही, आणि सांगितलं की दर खंडेनवमीला पाटावर हीच बसणार. म्हणाले, 'हिनं आपल्याला गिऱ्हाइकाच्या दारात मान खाली घालायला लावली. हिला विसरायचं न्हाय.' तू तेव्हा पुण्याला शिकत होतास. पुढं घरी राहायला आलास तरी खंडेनवमीला प्रसादाच्या वेळेलाच यायचास. मोटार पाटावर का बसते हे तू एकदाही विचारलं नाहीस.

एमआयडीसीत लाइट दमदार असते, तिथं ती मोटार पळते. पुण्यात तर पळणारच. पण गावात उन्हाळ्याच्या दुपारी व्होल्टेज पडतं. पंखे नुसते रांगतात, ट्यूब लागत नाही. तेव्हाही ही मोटार मुसळ उचलायला जोर लावत राहते आणि आतून भाजून निघते. इथपर्यंत तुलाही कळलं असेल. पुढचं, म्हणजे तार किती जाड घ्यायची, वेढे किती, आणि वाइंडिंगच्या पोटात काय बसवायचं, हे शोधायला मला आणि कोईमतूरच्या म्हाताऱ्याला दोन उन्हाळे गेले. बाहेरून त्यातलं काही दिसत नाही. आजची मोटार आणि पूजेची मोटार शेजारी ठेवल्या तर जुळ्या बहिणी वाटतील.

ते मी तुला सांगणार नाही.

लिहिलंयस, 'तुला पार्टनर करून घेतो.' वा रे वा! माझ्याच मोटारीत मला पार्टनर करून घेणार! तुझ्या पुण्याच्या मालकाला विचारलंस का आधी, की हेही चोरूनच?

अव्वाला तू फोन केलास हे मला ठाऊक आहे. काल दिवसभर माझ्या मागं लागली होती. 'सांगून टाक की गं. रडत हुता पोरगा. मालक काढून टाकणार म्हणतोय त्येला. तुला काय कमी पडणार हाय?' मी विचारलं, 'अव्वा, मी कधी रडले ते तुला माहीत हाय का?' तर म्हणते, 'तू कशाला रडतीस, तू घट्ट हायस.'

असू दे. मी घट्ट आहे. आता हेच ऐक, सांगणार नाही.

महादेवी


सोलापूर, ५ मे २०२५

शिवानंद,

हे पत्र नीट वाच, आणि वाचून झालं की आधी फोन हातात घे. ज्या ज्या घरात तुझी मशीन गेली आहे, त्या प्रत्येक बाईला आजच्या आज सांग की मशीन बंद ठेवा. मालक काय म्हणतो ते बघत बसू नकोस.

काम जोरात आहे असं मी मागं लिहिलं होतं, ते खोटं होतं. या उन्हाळ्यात काम नव्हतंच. सांगोल्याच्या बायका दर वर्षी माझ्याकडे यायच्या, यंदा एक आली नाही. मोडनिंबच्या मायाक्काचा गटही आला नाही, माझं पहिल्यापासूनचं गिऱ्हाईक. मला वाटलं, तुझी मशीन स्वस्त असेल, गेल्या सोडून. संगप्पाला बसवून ठेवायची वेळ आली होती माझ्यावर. तुला कळू नये म्हणून तसं लिहिलं.

परवा मायाक्काचा फोन आला. तुला नाही केला तिनं, मला केला. 'अक्का, तुमची मशीन लई तापतीय ओ. सुनेचा हात भाजला.' मी म्हटलं, तुमच्याकडची माझी मशीन तापायची नाही, नीट बघा. तर म्हणाली, 'ती जुनी न्हवं ओ. नवी, गुलाबी.'

मी फोन ठेवला. जायचं नाही असं ठरवलं होतं, हे कबूल करते. म्हटलं, ज्यानं विकली त्यानं निस्तरावं. मग संगप्पानं विचारलं, 'हात लई भाजलाय का?' आणि मी ते विचारलंच नव्हतं. माझी मला लाज वाटली. आमच्याकडची एक नवी मोटार टेम्पोत टाकली आणि दोघं निघालो.

सून अंगणात बसली होती, तळहाताला फोड, वर हळद थापलेली. मुसळ अडकलं म्हणून तिनं खाली हात घातला तो मोटारीवरच टेकला. कोवळी पोरगी आहे, यंदाच लग्न झालेलं. मी आधी तिला दवाखान्यात नेलं, मग मशीनजवळ बसले. झाकण काढलं तर तारांवरच्या जळक्या वॉर्निशचा वास. जळणारच होती, पूजेच्या मोटारीची सख्खी नक्कल ती. आम्ही ती काढली आणि माझी मोटार तिथं लावली. चारही तिरके बोल्ट पहिल्याच झटक्यात बसले. तुझ्या मशीनला माझी मोटार अशी फिट बसलेली बघून संगप्पानं तुला एक शिवी दिली, ती मी इथं लिहीत नाही.

आता मला काय हवंय ते सांगते. वाइंडिंगचं गुपित तुला मिळणार नाही, तुझ्या मालकालाही नाही. मला त्या सगळ्या घरांचे पत्ते पाठव. मी आणि संगप्पा गावोगाव जाऊ, तुझी मोटार काढू, आमची बसवू. तुझ्या मालकाला काय सांगायचं ते तू बघ. मोटारी उतरवून घेतोय म्हण, चूक झाली म्हण, नोकरी सोड, काहीही कर. पण त्या मशीनच्या पोटात ती मोटार मी एक दिवस राहू देणार नाही. पत्ते आले नाहीत तर मी एकेका बचत गटाला विचारत जाईन आणि कशाला आले तेही सांगेन. हे मी तुझ्यासाठी करत नाही, अव्वासाठी तर अजिबात नाही. ती विचारत होती, 'भावाला मदत करतीस व्हय?' मी 'नाही' म्हटलं आणि चप्पल घालून बाहेर पडले.

तुझ्यावरचा माझा राग संपेल असं मला वाटायचं. कितीही झालं तरी तुला अंगाखांद्यावर खेळवलंय मी. पण परवा मोडनिंबला जे ऐकलं, त्यानंतर राग धरायलाही माझ्यात काही उरलं नाही.

निघताना मायाक्का टेम्पोपर्यंत आली. वाटेला खायला म्हणून कडक भाकरी बांधून दिली. बोलता बोलता म्हणाली, 'तुमचा भाऊ आलता की ओ मशीन दाखवायला. म्हणाला, अक्काचीच मशीन हाय, रंग आन् नाव तेवढं नवीन केलंय. अक्कानंच पाठवलंय म्हणाला. म्हणून तर घेतली. न्हायतर आमी कुटं घ्यायला जातोय दुसऱ्याकडनं?'

शिवू, बायका मला सोडून गेल्या नव्हत्या रे. त्या माझ्याकडेच आल्या होत्या, म्हणजे त्यांना तसं वाटत होतं. सांगोल्याच्या पण तशाच असणार. मी इकडं रिकाम्या वर्कशॉपमध्ये बसून त्यांना मनातल्या मनात बोल लावत होते आणि तू तिकडं माझं नाव घेऊन दारोदार हिंडत होतास. मोटार नेलीस. आई नेलीस. आणि माझं नावही विकून खाल्लंस.

मला तिथंच सगळं ओकून टाकावंसं वाटलं. माझा भाऊ चोर आहे, ही मशीन माझी नाही, तिच्यावर माझं काही नाही, पुन्हा मला फोन करू नका. तोंड उघडलं पण होतं मी. ती सून दारात उभी होती, पट्टी बांधलेला हात छातीशी धरून, माझ्याकडे बघत. मागं गटाच्या बायका शेंगा भाजत बसल्या होत्या, उद्यापासून पुन्हा कुटायचं म्हणून.

माझ्याकडे बघून मायाक्काचा चेहरा उतरला. तिनं माझा दंड धरला आणि हळूच विचारलं, 'अक्का, मशीन तुमचीच हाय न्हवं?'

मी म्हटलं, 'व्हय. माझीच हाय.'

'मग बरं,' ती म्हणाली. 'मला घटकाभर वाटलं, आमी फसलो की काय.'

'न्हाई ओ,' मी म्हटलं. 'तुमी न्हाई फसला.'

महादेवी